अक्काची साक्ष

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळ नाही, पाळकबाबांजवळ नाही. प्रार्थनेतसुद्धा — लिहिताना लाज वाटते — मी या गोष्टीच्या आसपास फिरलो आणि दुसऱ्याच कुठल्यातरी किरकोळ पापाची कबुली देऊन उठलो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल.

डिसेंबर लागला की मला एका जागी बसवत नाही. जळगावला कॉलेजच्या खोलीतल्या मुलांना वाटतं, परीक्षेची धास्ती. मी वाटू देतो. नाताळच्या आधीचे चार रविवार आम्हा ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ — प्रभूची वाट पाहण्याचे दिवस. या दिवसांत मन शांत करायचं, भांडणं मिटवायची, आत डोकावायचं. सगळे शांत होत जातात, आणि मी मात्र —

धुळ्याला आमच्या मिशनच्या आवारात एक रीत आहे. त्या चार रविवारी, उपासना झाली की, मंडळीतलं कुणीतरी एक जण उभं राहून साक्ष देतं. कोर्टातली नव्हे. आपल्याला शांती कशी मिळाली ते आपल्या तोंडाने सांगायचं, एवढंच. तिथे शिकलेला-अडाणी हा भेद नाही. एकच अट आहे, आणि ती कुणी बोलूनही दाखवत नाही — सांगायचं ते स्वतःचं असावं.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी दुसऱ्या रविवारची साक्ष पाळकबाबांनी मला दिली. आवारातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी. आईला हे कळलं त्या दिवशी ती दोनदा पाण्याला गेली, घरात घागर भरलेली असताना. विहिरीवर बायका भेटतात ना. मी नाही कसं म्हणणार होतो?

पण सांगणार काय होतो? वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या आजारात मी रोज प्रार्थना केली होती आणि ते गेले, आणि तेव्हापासून माझ्या आत काहीतरी आवळून बसलं होतं. शांती? मला तिचा पत्ताही माहीत नव्हता. आज वाटतं, तेवढंच म्हणालो असतो तर? ‘मला अजून मिळालेली नाही, मी वाट पाहतो आहे.’ वाट पाहण्याच्याच तर दिवसांत आम्ही होतो. कुणी हसलं नसतं. पण कॉलेजात गेलेल्या मुलाने रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं, असं मला वाटलं.

आता गंगाअक्काचं सांगतो. इथवर येईपर्यंत मी बरंच रेंगाळलो, कळतं मला.

अक्का आमच्या शेजारची, विधवा. जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्राला कापूस घालायच्या कामाला जायची. तिचा एकुलता एक मुलगा तापाने गेला होता. त्या वर्षी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तीही साक्ष द्यायला तयार झाली होती — तिसऱ्या रविवारी, माझ्या पुढच्या आठवड्यात. शनिवारी मी चाळीसगावला गाडी बदलून घरी आलो, तर ती ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, “बापू, तू शिकेल शे. माले चार लोकांमां बोलता येत नही. जरा आयक, नीट शे का ते सांग.”

आणि तिने सांगितलं. मुलगा गेल्यावर तिच्या मनात राग बसला होता. देवावर, डॉक्टरवर, ज्यांची मुलं जिवंत आहेत त्या बायांवर. सकाळी उठली की तो राग आहे ना, हे ती आधी पाहायची. एके दिवशी दुपारी जिनातलं यंत्र मध्येच बंद पडलं. दिवसभर कानात घुमणारा आवाज एकदम थांबला. ती कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. त्या शांततेत तिने सवयीने राग शोधला, तर तो जागेवर नव्हता. तिने फडक्यातली भाकरी सोडली आणि खाल्ली. “भाकर गोड लागनी,” ती म्हणाली. बस. एवढंच होतं. ना आवाज, ना दर्शन.

मी म्हणालो, “अक्का, अगदी नीट आहे.”

दुसऱ्या दिवशी मी मंडळीसमोर उभा राहिलो आणि तिचं सगळं माझं म्हणून सांगितलं.

मुलाच्या जागी वडील घातले. जिनाच्या जागी चाळीसगावचा फलाट, आणि यंत्राच्या जागी आगगाडीचं इंजिन. इंजिनाचा फुसकारा थांबला, म्हणालो, आणि त्या शांततेत मी राग शोधला, तर तो जागेवर नव्हता. हे शब्दसुद्धा तिचेच. पण तेवढ्यावर माझं भागलं नाही. मला ते फार साधं वाटलं. म्हणून मी पुढे म्हणालो, की रुळांपलीकडच्या कपाशीच्या शेतावर एक उजेड उतरला, आणि तो पाहता पाहता मला रडू आलं. आई पदराने डोळे पुसत होती. पाळकबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्का चौथ्या ओळीत बसली होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. पदर सावरला. सगळे वाट पाहत होते. मग ती हळूच म्हणाली, “मन्हं सांगनं व्हई गयं,” आणि खाली बसली. मागून कुणीतरी म्हणालं, “अक्का, जिनमां तं तुन्हं तोंड मशीनपेक्षा जोरमां चालस.” लोक हसले. तीही हसली. मीही हसलो — हे सांगायला हवं.

त्यानंतर माझी साक्ष चालतच राहिली. जळगावच्या मंडळीत सांगितली, एकदा चाळीसगावला. पाळकबाबा उपदेशात तिचा दाखला देऊ लागले. दर वेळी तो उजेड थोडा वाढायचा. आणि घरी गेलो की मी अक्काच्या दारावरून जायचं टाळायचो. ती कधीतरी विचारणार, सगळ्यांदेखत विचारणार, या भीतीत माझं वर्ष गेलं.

तिने विचारलं, पण मी घाबरत होतो ते नव्हे.

गेल्या आगमनकाळात ती अंगणात तुरी पाखडत बसली होती. मला हाक मारली. तिच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. चोरीचा विचारही तिला शिवला नव्हता. “तुले बी तसंच झायं,” ती कौतुकाने म्हणाली. देवाने दोघांना एकच गोष्ट दिली, आणि मी ती चांगली सांगितली, मग तिने परत सांगून काय करायचं, असं तिला वाटलं होतं. म्हणून ती खाली बसली होती. फक्त एक गोष्ट तिला छळत होती. डोळे मिटले की आता तिला कापसाच्या ढिगावर उजेड दिसायचा. आधी असं नव्हतं. आधी कसं होतं, ते आता आठवत नव्हतं.

“बापू, खरं सांग. तठे उजेड व्हता का रे?”

अंगणात आम्ही दोघेच होतो. आई नव्हती, पाळकबाबा नव्हते. यापेक्षा सोपी वेळ मला कुठली मिळणार होती?

मी म्हणालो, “हो अक्का. होता.”

तिने सूप मांडीवर ठेवलं. म्हणाली, “मंग मालेच दिसना नही व्हई.” आपल्यालाच दिसला नसेल, आपणच कुठेतरी कमी पडलो असू, असा तिचा चेहरा झाला.

चाळीसगावच्या फलाटावर काहीही झालं नव्हतं. गाडी उशिरा आली आणि मी तीत बसून घरी आलो. अक्काला जे मिळालं होतं त्यात उजेड नव्हता. तो मी घातला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.