कार्डाची मागची बाजू

कारखान्याच्या दवाखान्यात त्याने अठ्ठावीस वर्षं कामगारांची तपासणी कार्डं सांभाळली, म्हणून सगळे त्याला कार्डमास्तर म्हणत. मास्तरकी नावापुरती. साहेबासमोर त्याच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही.

कार्डाची पुढची बाजू मॅनेजर बघायचा. तिथे छापील रकाने आणि शिक्का: 'कामास योग्य'. मागची बाजू कोणी बघत नसे, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरबाई खरं काय ते तिथे पेन्सिलीने लिहीत. मास्तरचा सख्खा मोठा भाऊ दगडाची भुकटी करायच्या खात्यात होता. त्याच्या कार्डामागे नऊ वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं, 'भुकटीमुळे खोकला. खाते बदलावे.' मास्तरने ते वाचलं, आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. साहेबाला कोण सांगणार?

कारखाना बंद झाला तेव्हा दादाला जिना चढवत नव्हता. वरून हुकूम आला, महिन्याभरात सगळी कार्डं कापायच्या मशीनमध्ये घाला. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "साहेब, आधी स्कॅन करतो."

"कशावर? तो स्कॅनरचा डबा भंगारात काढलाय."

"मी चालू करतो."

"करा. पण स्कॅन झालेली कार्डं रोजच्या रोज कापायची. तुमच्या सहीने."

जुना कॉम्प्युटर कधीच मेला होता. उरलेल्या एकावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. स्कॅनर जोडला की यादीत त्याचं नाव दिसायचं, पण स्कॅन करायला गेलं की उत्तर यायचं, स्कॅनर सापडला नाही. इंटरनेटवर चार दिवस डोकं खाजवल्यावर मास्तरला उलगडलं. या यंत्राला स्वतःची अक्कल नव्हती; चालू झालं की दर वेळी त्याला एक छोटी फाइल भरवावी लागे. ती फाइल जुन्या सीडीत निघाली. ती सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवली, सेटिंगमधली बंद ठेवलेली एक ओळ सुरू केली, आणि रोलर घरघरला. एकटाच असूनही मास्तरने टाळी वाजवली.

मग तीन आठवडे तो खाली मान घालून कार्डं भरत राहिला. जुन्या कॉम्प्युटरवर एका कार्डाची एक फाइल व्हायची, आत दोन पानं. इथेही एका कार्डाची एकच फाइल होत होती. अधूनमधून एखादी उघडून तो पहिलं पान बघे. अक्षर न् अक्षर स्वच्छ. रोज संध्याकाळी कार्डं आणि फाइलींचा आकडा जुळला की तो सही करी, आणि मशीन चरचरत कागद खाई. दादाचं कार्ड त्याने स्वतःच्या हाताने मशीनमध्ये सोडलं. सुरक्षित आहे ना, मग काय!

पुढच्या महिन्यात दादाला ऑक्सिजनची नळी लागली. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हे कामामुळेच झालं याचा जुना कागद आणा, म्हणजे मला तसं लिहिता येईल." वहिनी थेट कारखान्याच्या दवाखान्यात आली; मास्तर अजून तिथली आवराआवर करत होता. मास्तरने तिला खुर्ची दिली.

"वहिनी, काळजीच करू नका. नऊ वर्षांपूर्वीचं आहे, सिस्टरबाईंच्या हातचं."

त्याने फाइल उघडली. दादाचं नाव, वजन, उंची, शिक्का. त्याने खालचा बाण दाबला. पान हललं नाही. परत दाबला. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, पान एक, एकूण पानं एक. त्याने दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. मग स्कॅनरची सेटिंग उघडली. लिनक्सवर हे यंत्र सांगितल्याशिवाय दोन्ही बाजू घेत नव्हतं. 'फक्त पुढची बाजू' हे तिथे पहिल्या दिवसापासून ठळक अक्षरांत होतं.

तीन आठवडे त्याने मॅनेजरचीच बाजू जपून ठेवली होती. दुसरी त्याच्याच सहीने कापली गेली होती. नऊ वर्षांपूर्वी तो गप्प बसला, आणि आता बोलायला निघाला तर हे झालं. त्याला स्वतःची किळस आली.

वहिनीने चष्मा लावला आणि स्क्रीनजवळ वाकली.

"इथे तर 'कामास योग्य' लिहिलंय, भाऊजी," ती म्हणाली. "उलटवा ना जरा."