तांब्याची चकती

झडतीकाकांची उभी नोकरी कारखान्याच्या फाटकावर गेली. सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या उघडायच्या, खिसे चाचपायचे. ते निवृत्त झाले, त्यांचा स्वभाव काही झाला नाही. दूधवाल्याचं माप, शिंप्याची टेप, मेहुण्याचा आजार, सगळ्यांत त्यांना काळंबेरं दिसायचं. एकदा बायकोची अंगठी सापडेना, तेव्हा या गृहस्थांनी जेवायला आलेल्या जावयाला पिशवी रिकामी करायला लावली. अंगठी पिठाच्या डब्यात निघाली. त्या दिवसापासून लेक माहेरी फिरकली नव्हती.

जावई गाड्या दुरुस्त करायचा. काकांच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा इंजिन गार असतानाही लालवर जाऊन बसायला लागला, तेव्हा काकूंनी संधी साधली.

"जावयाकडेच न्या. आणि तोंडाला कुलूप लावा. या वेळी काही बोललात, तर पोरगी कायमची तुटेल."

काकांनी तोंडाला कुलूप लावलं, डोळ्यांना नाही. जावयाने बॉनेट उघडून, "सेन्सर गेलाय, बाबा, बदलावा लागेल," असं सांगितलं आणि नवा आणायला तो आत गेला. तेवढ्यात काकांनी खिशातून काकूंचं नेलपॉलिश काढलं आणि जुन्या सेन्सरवर एक लाल ठिपका दिला. न बदलताच बदलला म्हणून सांगितलं तर?

जावयाने इंजिन गार ठेवणारं थोडं कूलंट भांड्यात काढून घेतलं, वायर सोडवली, सेन्सर फिरवून बाहेर काढला. नवा बसवून कूलंट पुन्हा भरलं, गाडी चालू केली. काटा शहाण्यासारखा मध्यावर थांबला. जुना सेन्सर त्याने न मागता सासऱ्यांच्या हातात ठेवला. ठिपका जागेवर होता. लेकीने चहा आणून दिला, "आई बरी आहे ना?" एवढं विचारलं आणि आत गेली.

काकांना रात्रभर चैन पडलं नाही. जुना काढला, मान्य. पण बसवलेला नवाच कशावरून? आणि न मागता जुना हातात दिला, म्हणजे तर नक्कीच पाणी मुरतंय! सकाळी त्यांनी पान्हा घेतला आणि सेन्सर खोलला. नवाकोरा होता. हिरवं कूलंट भळाभळा हातावर आलं, तसा त्यांनी तो घाईघाईने परत आवळला.

तासाभराने बघतात तर गाडीखाली हिरवं थारोळं, आणि त्यात एक तांब्याची चकती. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू हाका मारत राहिल्या. ते गाडी घेऊन तडक जावयाच्या दारात.

"हा घे पुरावा! तुझ्या कामातून गळून पडलाय!"

जावई चकती घेऊन इंजिनावर वाकला. ही चकती सेन्सरखाली आवळलेली असते. सेन्सर पुरता बाहेर काढल्याशिवाय ती पडूच शकत नाही. सेन्सरच्या पितळेवर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते. शेजारी वाकलेल्या काकांनाही ते दिसले. जावयाने सासऱ्यांच्या हिरवट नखांकडे पाहिलं. काकांनी हात पाठीमागे नेले.

लेक दारात आली. "आता काय झालं?"

"काही नाही गं," जावई म्हणाला. "चकती माझ्याकडूनच नीट बसली नव्हती. माझंच चुकलं."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. फाटकावर शेकडो माणसं त्यांच्या तोंडावर खोटं बोलली होती, पण ती स्वतःची कातडी वाचवायला. काकांची कातडी वाचवायला कुणी बोललं नव्हतं. आता नुसतं गप्प राहिलं की झालं, काकूंनी तेच तर सांगितलं होतं. पण त्यांना लाज वाटली, इतकी की गप्प राहवेना.

"खोटं बोलतोय हा," काका म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, पुन्हा तेच?" ती आत जायला वळली.

"अगं, ऐक तरी! मीच खोलला होता तो सकाळी. तपासायला." आणि त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

लेकीने ती हिरवी बोटं पाहिली.

"साबण आत आहे," ती म्हणाली. "या, बाबा."