चुन्याची निवळी आणि आमचा दादा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून मंडळी म्हणणारच की मास्तरांचं डोकं फिरलं. मी ठाण्यातल्या एका इंग्रजी शाळेत वरच्या वर्गांना शरीरशास्त्र शिकवतो. हाडं, रक्ताभिसरण, श्वासोच्छ्वास... पोरं घोकंपट्टी करतात आणि मी कपाळाला हात लावतो. पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट कोणी सुरू केली की मी सरळ विचारतो, "तुम्ही स्वतः पाहिलात?" बहुतेक वेळा मेव्हण्याच्या चुलत्यानं पाहिलेला असतो. तर अशा माणसाच्या घरी हे घडलं, आणि दिवसाढवळ्या घडलं.

श्वासोच्छ्वासाच्या धड्याला मी एक एक्स्पेरिमेंट करून दाखवतो. त्याला फार काही लागत नाही. खायचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, तो खाली बसला की वरची स्वच्छ निवळी काचेच्या पेल्यात ओतून घ्यायची. पपईच्या पानाचा पोकळ देठ तिच्यात बुडवायचा आणि फुंकायचं. चार-सहा श्वासांत निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या श्वासातून कार्बानिक आसिड ग्यास बाहेर पडतो, त्याचा हा परिणाम. जिवंत शरीर आत सारखं जळत असतं आणि हा ग्यास म्हणजे त्याचा धूर, असं मी पोरांना सांगतो. राजा असो, रंक असो, निवळी पांढरी झालीच पाहिजे. मी तरी आजवर दुसरं काही पाहिलं नव्हतं.

शाळेत फजिती नको म्हणून आदल्या दिवशी मी घरी, मागच्या ओटीवर, एकदा करून बघायचो. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आमच्या वहिनी येऊन उभ्या राहायच्या. दादाची बायको. वय जेमतेम वीस, पण प्रश्न असे विचारायच्या की माझ्या वर्गातल्या एकालाही सुचू नयेत. सगळं शिकल्या त्या, दारात उभ्या राहून.

दादा माझा थोरला भाऊ. कल्याणच्या एका भाताच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. माल मचव्यात भरून खाडीनं वसईला पोचवायचा, हे त्याचं काम. त्या वर्षी नवरात्रात अवचित वादळ झालं आणि घोडबंदरच्या पुढे मचवा उलटला. दोन खलाशांची प्रेतं मिळाली. दादाचं नुसतं उपरणं मिळालं.

दोन महिने वाट पाहिली. वडील नाहीत, त्यामुळे घरात काकांचा शब्द शेवटचा. एक दिवस काका म्हणाले, "आता पुरे. पोराला गती मिळायला हवी. पालाशविधी करू." प्रेत नसलं की पळसाच्या देठांची माणसाएवढी आकृती करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तिलाच अग्नी देतात. पुढे दहाव्या दिवशी वहिनींचं केशवपन. न्हाव्याला निरोपसुद्धा गेला.

मी भांडलो, पण कसा... शाळेत सुधारणेवर तोंड फाटेस्तोवर बोलणारा मी, काकांपुढे माझी बोबडी वळायची. "अजून थोडे दिवस थांबू या," एवढंच कसंबसं म्हणालो. काका म्हणाले, "थांबून काय, तो पोहत येणारेय?"

वहिनी कोणाशी बोलेनात. एकदा विहिरीवर फक्त मला म्हणाल्या, "भावोजी, माझं काही म्हणणं नाही. पण मला ते गेलेत असं वाटतच नाही हो. न वाटता कसं करून घेऊ मी?" त्या घागर उचलून आत गेल्या.

विधीची सकाळ उजाडली. अंगणात भटजी देठ मांडत होते. हात झाले, पाय झाले, काकांनी नारळ ठेवला. मी भिंतीला टेकून उभा होतो, आतून वहिनींचा हुंदकासुद्धा येत नव्हता. तेवढ्यात फाटक वाजलं आणि दादा आत आला.

वाळलेला, दाढी वाढलेली, अंगात कोणाची तरी बंडी. मागे एक उघडाबंब कोळी. दादानं त्या आकृतीकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "कोण गेलं?"

पुढची घटकाभर काय रडारड झाली ती सांगत बसत नाही. भटजींनी देठ गोळा केले, काकांनी ते गाठोडं माळ्यावर टाकायला सांगितलं. वहिनी दाराची चौकट धरून नुसत्या बघत राहिल्या आणि मग तिथेच खाली बसल्या. कोळ्याला मी जेवायला थांबवलं. तो म्हणाला, "पान्यातून भायेर कारला तवा गार पडलेला, मास्तर. आमी समजलो, गेला. सकालचे उठून बसला. मंग लय दिस तापात बरलत व्हता, ठान्याचा नाव घेत व्हता."

मी मनात म्हटलं, बुडालेला माणूस कधीकधी असा शुद्धीवर येतो, डॉक्टरी पुस्तकात आहे. आनंदात होतो मी. आमच्या घरात त्या महिन्यात दोनदा पुरणपोळी झाली.

मग एका दुपारी मी ओटीवर धड्याची तयारी करत होतो. दादा पान चघळत आला. "अरे, हे काय पोरखेळ चाललेत तुझे? आण बघू," म्हणून त्यानं तोंड धुतलं, देठ माझ्या हातातून घेतला आणि फुंकू लागला. बुडबुडे आले. चांगले मोठे, खळखळ करत आले. निवळी मात्र पांढरी होईना.

"चुना शिळा दिसतोय," मी म्हणालो. दुसऱ्या पेल्यात निवळी ओतून मी फुंकलं. दूध. पेला धुतला, देठ बदलला, त्याच भांड्यातली निवळी घेऊन पुन्हा दादाला दिली. त्यानं गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकलं. पेल्यापलीकडची तुळस मला स्वच्छ दिसत होती. फार फुंकलं तर पांढरी झालेली निवळी पुन्हा निवळते, हेही मला ठाऊक आहे... पण आधी पांढरी तर व्हायला हवी!

"झालं का तुझं?" दादानं हसून विचारलं. "काय व्हायचं असतं यात?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याची नाडी पाहिली, ताप बघतो असं सांगून. ठणठणीत. हात ऊन. दोन भाकऱ्या जास्तच खात होता. चूल विझली तर फुंकणी घेऊन पेटवून द्यायचा. पुढच्या आठवड्यात नवा चुना आणला, नव्या मडक्यातलं पाणी घेतलं, काहीतरी निमित्त काढून त्याला पुन्हा फुंकायला लावलं. तेच. माझी झोप उडाली. रात्री भिंतीपलीकडून त्याचं घोरणं ऐकायचो आणि मला दरदरून घाम फुटायचा. इतका भित्रा मी आहे, हे मला माहीत नव्हतं.

दादा देवळात गेलेला असताना वहिनी ओटीवर आल्या. दारात थांबल्या नाहीत, समोर आल्या.

"भावोजी, त्यांची निवळी पांढरी होत नाही."

"चुन्यात काहीतरी भेसळ..."

"तुमची होते. मी काल गुपचूप फुंकून पाहिलं, माझीही झाली."

मी पेला खाली ठेवला. मग म्हणालो, "वहिनी, हे कोणाला तरी सांगायला हवं. सिव्हिल सर्जनला दाखवू. निदान काकांच्या कानावर..."

"काकांच्या?" त्यांचा आवाज चढला नाही. "काका काय करतील ते ठाऊक आहे ना? ते गाठोडं अजून माळ्यावर आहे. तुमचे भाऊ कसे आहेत, काय होऊन आलेत, मला नाही कळत. मलाही भीती वाटते. पण ते मला हाक मारतात. जेवताना मीठ मागतात. मला पुरे आहे तेवढं. तुमच्या शास्त्राला माझ्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचाच असेल, तर जा, सांगा काकांना."

मी पेला उचलला आणि निवळी तुळशीपलीकडे ओतून टाकली. वहिनींनी डोळे पुसले आणि आत जाऊन डाळ रटरटत होती ती उतरवली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. काका गेले. दादा आहे, कामावर जातो, केस पिकायला लागलेत. डॉक्टरांना त्याच्यात कधी काही सापडलं नाही आणि मी विचारायचं धाडस केलं नाही. त्याला एक मुलगी आहे, ठमी. सात वर्षांची, नाकाचा शेंडा थेट दादाचा, चळवळी आणि बडबडी. परवा मी ओटीवर बसलो होतो, ती पपईचा देठ घेऊन धावत आली. "काका, मी फुंकू? मला पण दूध करायचंय."

वहिनी दारात होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मला दिसला.

"चुना संपलाय गं," मी म्हणालो. ठमी हिरमुसली. मी तिला खांद्यावर घेऊन तळ्यावर बदकं दाखवायला नेलं. वाटेत ती माझ्या कानात फू फू करत होती आणि मला तिचा श्वास ऊन लागत होता.

आता मी तो एक्स्पेरिमेंट शाळेतच करतो, घरी नाही. कोणा वाचकाला या सगळ्याचा उलगडा होत असेल तर तो त्यानं कृपा करून स्वतःपाशी ठेवावा. आमच्या घरी तो कोणालाच नको आहे.