कडी वाजवली आन् प्रकरण संपलं

आम्ही नवराबायकोनं सोबत घालवलेली शेवटची संध्याकाळ बोंडं सोलण्यात गेली. हंगाम सरला की कपाशीची पऱ्हाटी उपटायच्या आधी न फुटलेली बोंडं तोडून घरी आणायची, उन्हात तडकू द्यायची आणि मग बसून त्यातला कापूस ओढायचा, ही आमच्याकडची रीत. बोटं फाटतात त्यानं. ती ओट्यावर बोंडं सोलत होती आणि मी शेजारी बसून तिला कादंबरी वाचून दाखवत होतो.

मी चौथी शिकलेला. तिनं शाळा बाहेरूनच पाहिलेली. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा वस्तीत ठरलं की ज्याला अक्षर येते त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवायचं. ऐकणारे हळूहळू पांगले, ही पांगली नाही. घाटंजीच्या बाजाराला गेलो की वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि पुढच्या बाजारी परत करायचं, असं वर्षानुवर्षं चाललं.

पहिल्यांदा लहान गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. मला तेच बरं वाटायचं. एका बैठकीत काय तो निकाल लागते. पण त्यातल्या पहिल्याच गोष्टीनं ती बिघडली. म्हातारा बाप शहरातल्या पोराच्या घरी जातो, सून पाणी आणायला आत जाते, हा पिशवी मांडीवर घेऊन बसून राहतो. संपली गोष्ट.

"मंग? पाणी आणलं का नाही तिनं?"

एवढीच हाये म्हटलं तर तिला पटेना. आधी म्हणाली मी पान गाळलं, मग म्हणाली कोणी तरी फाडलं. तिच्या हट्टापायी मी पुढच्या बाजारी वाचनालयाच्या मास्तरांना राहिलेली पानं मागितली. मास्तर भला माणूस. हसू दाबून म्हणाले, गोष्ट अशीच असते, उरलेलं आपण समजून घ्यायचं. घरी येऊन तसं सांगितलं, तर माझ्यावरच भडकली.

"आपणच समजून घ्याचं तं त्याले कायले लिहाले बसवलं? अर्धी भाकर वाढते अन् बाकीची समजून घ्या म्हणते. तुमी जेवान का असं?"

तेव्हापासून घरात कादंबऱ्या सुरू झाल्या, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. कादंबरीतली बाई घरातून निघाली की लगेच रस्त्यावरची झाडं चार पानं. अरे, झाडं आम्ही रोज पाहतो, बाई कुठं चालली ते सांग ना. अडखळत वाचणाऱ्याला चार पानं म्हणजे आख्खी संध्याकाळ. मी गुपचूप झाडं गाळून पुढं सरकलो की ती म्हणायची, "आज झाडं खाल्ले वाटते तुमी." एका आठवड्यात पुस्तक संपायचं नाही. दुसऱ्या कोणी मागितलं की मधातच परत द्यावं लागायचं. तवर ही शेतात तण निंदायला जाऊन बायांना अर्धी कादंबरी सांगायची, आणि पुढं काय होईल यावर तासातासाला बायांची भांडणं.

शेवटच्या कादंबरीत तिचा जीव अडकला होता. त्यातला नवरा गिरणीत कामाला म्हणून जातो आणि परत येत नाही. बायको लेकराला कडेवर घेऊन त्याला शोधायला निघते. आमच्या साळीचं, हिच्या बहिणीचंही तसंच झालं होतं. तिचा नवरा गेला तो गेला, आणि ती बिचारी वाट पाहत घरातच बसून राहिली. म्हणून पुस्तकातली बाई निघाली याचंच हिला मोठं अप्रूप. नवऱ्याच्या दारात उभी राहून ती बाई काय बोलते, ते हिला ऐकायचं होतं.

त्या संध्याकाळी बाई दारापाशी पोचली. तिनं कडी वाजवली. आतून पावलं वाजली आणि प्रकरण संपलं. पुढचं उघडलं तर सावकाराच्या पोरीचं लग्न. वाजंत्री, पंगती, वरमाईचं लुगडं. मी त्या लेखकाच्या सात पिढ्या काढल्या. ती हसली.

"बोंबलू नका. दार उघडाले वेळ लागते. उद्या वाचजा."

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली. बैलगाडी जुंपून होईस्तोवर सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी माती दिली. आलेले लोक म्हणत होते, तिचं आयुष्यच तेवढं होतं. मी ऐकून घेत होतो. माझ्या मनात मात्र पुस्तकातलं ते लग्न होतं. दार आधी उघडून लग्न मागून लावलं असतं, तर त्या लेखकाचं काय बिघडलं असतं? दोन पानांचं काम होतं. शिकलेले लोक मला आता सांगतात, कादंबरी म्हणजे कशी ऐसपैस, सगळं आयुष्य मावते तिच्यात. मावत असन. माझ्या बायकोचं नाही मावलं. आणि लहान गोष्टीवाल्यांनी छाती फुगवायचं काम नाही, ते तर सांगून सवरून अर्ध्यात सोडतात.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन पायीच घाटंजीला गेलो. बाजार नव्हता. मास्तरांना झालेलं सांगितलं, तसे ते खुर्चीवरून उठले. त्यांनी विचारलं, वाचन कुठवर आलं होतं. म्हटलं, कडी वाजवली तिथवर. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं. माझी समजूत घालावी म्हणून हळूच म्हणाले,

"पुढं काय होतं, सांगू का?"

"तिले सांगता येत असन तं सांगा. मले नका सांगू."

पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं, दारातल्या चपला घातल्या आणि निघालो.