दूधकट्ट्यावर आज खोटं बोलवलं नाही

मंडळी, आज संध्याकाळी दूधकट्ट्यावर मी भर रस्त्यात रडले. आणि हसलेसुद्धा.

लग्नापासून हे आणि मी तिथं समोरच धार काढलेलं म्हशीचं ताजं दूध प्यायला जायचो. दोन महिने हे दवाखान्यात आहेत. मी एकटीच जाते, ह्यांचा ग्लास किटलीत घेऊन दवाखान्यात नेते. दूधवाले मामा विचारतात, "सायेब कुठं हायत?" मी म्हणते, "कामात आहेत."

आज दुपारी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, आता आमच्या हातात काही नाही." मग मामांनी विचारल्यावर खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

मामा म्हशीची धार काढत म्हणाले, "रडा की वैनी. माझी बायकू गेली तवा मी हिच्याच पोटाला टेकून रडलो. लाथ घातली हिनं!"

मला इतकं हसू फुटलं, की नाकात दुधाचा फेस गेला. मग रडू आलं ते थांबेचना.

दवाखान्यात ह्यांना सांगितलं. हे हसले, खोकले आणि म्हणाले, "म्हशीचं बरोबर हाय. माझा ग्लास कुठाय?"

आज किटलीत घ्यायचा मी विसरलेच होते.

उद्या घरी नेताना रिक्षा कट्ट्यावरनं घेणार. दोन ग्लास सांगणार. पण पुढं कधीतरी मामांकडं एकच ग्लास कसा मागायचा, हे कुणाला जमलं असेल तर सांगा.