मामांचा हाकाऱ्या

“कोरड्या हातानं समदंच चालतंय, सायेब,” असं म्हणत मामा कोपरापर्यंत हात बादलीत बुडवायचे आणि मगच नवी वस्तू हातात घ्यायचे. टॉर्च असो की कुलूप. माझ्या नव्या पेनानं त्यांनी तसंच लिहून पाहिलं आणि परत केलं.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, सगळ्यांच्या डोक्याला ताप आणि तरी सगळ्यांना हवा असलेला. आमच्या पाणीपुरवठा कचेरीत सगळे ज्यांना मामा म्हणायचे ते जायकवाडी धरणावर नावाडी होते. ती दुष्काळाची वर्षं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि त्याला पाणी पुरवणारं धरण आटत होतं. पाणी आत सरकलं तसे पंपही तराफ्यावर चढवून आत न्यावे लागले. त्यांच्या दुरुस्तीला मामा फिटरना बोटीतून न्यायचे. एकदा इंजिन बंद पडलं आणि बोट दिवसभर भरकटली. फोनला रेंज नव्हती. तेव्हा कुठं, संकटात उपग्रहाला सिग्नल देणारं बीकन घ्यायचं ठरलं.

मुंबईहून विक्रेता दोन नमुने घेऊन आला. मोठं बोटीला बसवायचं. बोट बुडाली की ते आपोआप सुटून वर येणार. छोटं अंगावर बांधायचं आणि हातानं झाकण उघडून बटण दाबायचं. मोठ्याचा थाट पाहून आम्ही सगळे भाळलो. मी तर पसंतीचा शेराही लिहून ठेवला.

मामांनी एवढंच विचारलं, “किती खोल गेल्यावर सुटतंय ह्ये?”

दोन ते चार मीटर, असं विक्रेता म्हणाला.

मामांनी आम्हाला बोटीतून तराफ्यापाशी नेलं. बोटीतला वेळू तळापर्यंत रोवला, बाहेर काढला आणि स्वतःशेजारी उभा धरला. ओल त्यांच्या छातीपर्यंत आली होती.

“इथं बोट बुडायची नाय, सायेब. गाळात बसंल. अन् ह्ये बी तिच्यासंगं बसंल.”

मग त्यांनी विक्रेत्याला दोन्ही हात चिखलात घालायला लावले आणि छोट्याचं झाकण उघडायला सांगितलं. ते उघडलं. मी शेरा फाडला. राग आला होता, खोटं कशाला सांगू? हाक मारणारा म्हणून मामांनी छोट्याचं नाव ‘हाकाऱ्या’ ठेवलं आणि नोंदणीत संपर्कासाठी माझा नंबर द्यायला लावला.

पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी अनोळखी फोन आला. दूरच्या नियंत्रण कक्षातला माणूस विचारत होता, तुमच्या बीकनचा सिग्नल येतोय, पण समुद्र तर तिथून कितीतरी लांब आहे. चुकून दाबलं गेलं का?

“ते मामांनी दाबलंय,” मी म्हणालो. “चुकून नाही.”

पैठणहून लगेच दोन बोटी निघाल्या. एकीत मी होतो. वाऱ्यानं उठलेल्या लाटांनी मामांच्या बोटीत पाणी भरलं होतं आणि ती गाळात बसली होती, मामा म्हणाले होते अगदी तशीच. पोहता न येणारे दोन फिटर आणि मधे मामा, छातीभर पाण्यात, वेळूला धरून उभे. पाय गाळात रुतलेले. मला पाहताच मामांनी चिखलानं माखलेला हात वर केला आणि हसले. काठावर परतलो तेव्हा पंपघरातल्या सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि मी, साहेब असून, त्यांच्यासमोर रडलो.

मामा आता नाहीत. त्यांच्या अस्थी पैठणला सोडल्या त्या वर्षी गोदावरी भरून वाहत होती. मामांच्या मुलाच्या हातातलं गाडगं त्या दोन फिटरांनी मागून घेतलं आणि ते पाण्यात उतरले. पाणी छातीला लागलं तरी थांबले नाहीत. त्या उन्हाळ्यानंतर मामांनी दोघांना पोहायला शिकवलं होतं. ते सरळ धारेच्या मधोमध पोहत गेले.