विसरलो नव्हतो

वडखळ नाक्यावर चहा पिताना हल्लीच्या ड्रायव्हरांचं बोलणं कानावर पडतं. "पिलो होतो रे, निरोध राहूनच गेला. शुद्धच नव्हती." असं म्हणून खी खी हसतात. शुद्ध नव्हती तर गाडी बरोबर सावलीत कशी लावलीस? मोबाईल आठवणीने चार्जिंगला कसा लावलास? मला असल्या लोकांची किळस येते. मी चौथी शिकलेला माणूस, पण या एका विषयात मला कुणी शिकवू नये. मी तेच केलेलं आहे.

तेव्हा मी पेणहून गणपतीच्या मूर्ती पोचवणारा टेम्पो चालवायचो. पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती गाडीत आहेत तोवर आम्हा ड्रायव्हरांचा नियम कडक. दारू नाही, मटण नाही, बाई नाही. दोन महिने मी थेंब घेतला नाही, आणि त्याचा मला इतका ताठा की दुसऱ्या कुणाला मी माणसात धरत नव्हतो. पण नियम गाडीतल्या मूर्तींसाठी होता, माझ्यात काही नव्हता. शेवटची मूर्ती उतरवली त्याच दुपारी, रिकामी गाडी घेऊन परतताना, हायवेवरच्या एका हॉटेलात मी आणि गाडीवरचा माझा जोडीदार बसलो. दोन महिन्यांची एकदम प्यायलो. हॉटेलामागे खोल्या होत्या.

आता नीट ऐका. आरोग्यवाल्यांनी वाटलेलं निरोधचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं, आणि मला ते माहीत होतं. खोलीतल्या बाईने विचारलंसुद्धा, "पाकीट हाय ना?" मला रागच आला. म्हणालो, "मी काय तसला वाटतो तुला?" ती कंटाळून म्हणाली, "तुमची मर्जी." प्यालेल्या माणसाची अक्कल कुठे जात नाही, ती वकिली करायला लागते. बाई स्वच्छ दिसते. एकदाने काय होतंय? दोन महिने देवाचं काम केलंय, मला कसा रोग होईल? हे शेवटचं मी खरोखर मनात म्हणालो. आणि अंग तापलेलं असलं की असला वकील हरत नाही.

दुसऱ्या दिवशी उतरली. माझं मला काही वाटलं नाही, पण घरी बायको होती. मला काही झालं असलं तर ते तिला जाणार, आणि तिने कुणाचं काही वाईट केलेलं नाही. पाठ दुखते असं सांगून मी वेगळं अंथरूण घातलं आणि रक्त तपासायला आगगाडीने रोह्याला गेलो. पेणला सगळे ओळखतात. निडी स्टेशनला मान खाली घातली, तिथे माझी सासुरवाडी.

रोह्याच्या दवाखान्यात एक तरुण मुलगी सगळं लिहून घेत होती. म्हणाली, "काका, दारूच्या नशेत विसरलात का?"

"विसरलो नाय. खिशाला हात लावून बघितलं होतं."

तिने मान वर करून बघितलं. मग म्हणाली, आजचं रक्त चांगलं आहे, पण इतक्यात कळत नाही. तीन महिन्यांनी परत या, तोवर घरी निरोध वापरा. आता बायकोचं मुलं न होण्याचं ऑपरेशन होऊन वर्षं झालेली. घरात पाकीट काढलं असतं तर तिने लगेच ओळखलं असतं.

पंधरा दिवस पाठ दुखवली. मग एकाच्या वाढदिवसाला पुन्हा प्यायलो आणि दुपारी घरी आलो. मुलं शाळेत, बायको खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा अवतार बघून हसली. मी तिचा हात धरला, आणि वकील उभा राहिला. पहिला रिपोर्ट चांगला आलाय ना, म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला. हात सोडून मागच्या दारी गेलो आणि पिंपातलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

ती मागोमाग आली. "काय झालं वो?"

तिथेच, निथळत, सगळं सांगितलं. प्यालेला होता म्हणून सांगू शकला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पिऊन होतात ना? शुद्ध नसंल तुमाला." आमच्या आळीतल्या निम्म्या बायका एवढ्या एका वाक्यावर संसार करतात. मला फक्त व्हय म्हणायचं होतं.

"शुद्ध होती गो."

"त्या बाईनं तरी इचारलं नाय?"

"इचारलं."

ती रडली नाही. माझं अंथरूण उचलून तिने ओटीवर नेऊन टाकलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रोह्याला गेलो. काही नव्हतं. कागद घेऊन छाती काढून घरी आलो. तिने तो वाचला आणि म्हणाली, "तुमचा झाला. आता माझं रक्त तपासायचं."

"तुला कशाला? मी तुला हात लावलेला नाय."

"ह्या खेपेचं खरं सांगितलंत. आधीच्या खेपांचं मला काय ठावं?"

आधी काही नव्हतं, आजही शपथेवर सांगतो. मी चिडलो, ओरडलो. ती तोवर चपला घालून उभी होती.

रोह्याच्या दवाखान्यात ती आत गेली आणि मी बाहेर बाकड्यावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. बाहेर आली तेव्हा तिचा कागद तिने मला दाखवला नाही, घडी करून पिशवीत ठेवला. मी विचारलं, काय आला?

"माझा चांगलाच हाय," ती म्हणाली. "तो वाईट यायला मी काय केलं व्हतं?"